आधी पाणी, मग नाव

खानदेशात जाऊन आले म्हटलं की आमच्याकडच्या बायका विचारतात, "केळी आणलीस का?" नाही आणली. राजापूरला पोचेपर्यंत त्यांचा लगदा झाला असता. आणलं ते दुसरंच काहीतरी, आणि ते पिशवीत मावणारं नव्हतं. म्हणून लिहायला बसले. लिहिण्याची सवय नाही, बोलण्याची आहे. तेव्हा मी बोलते आहे असं समजूनच वाचा.

सगळ्यात आधी एका पुस्तकाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय मी त्या बाजूला गेलेच नसते. आमचं वाण्याचं दुकान. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही रडतखडत. वाचायला मी खरी शिकले ती पुड्या बांधायच्या कागदांवर. एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात एक जाड कादंबरी आली. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत. तिच्यात जिरं बांधायचं माझ्या जिवावर आलं. मी ती फळीवर वर ठेवली आणि दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचत गेले. नाव पुष्कळ वर्षांनी कळलं, पण तोवर "आपली कादंबरी" म्हणायची सवय लागली होती. इथेही तेच म्हणते.

तिच्यात खानदेशातली दोन गावं आहेत. एक तापीकाठचं हिरवं, केळीचं. दुसरं कोरडं, पांढऱ्या मातीचं, शिंदखेड्याकडचं. हिरव्या गावात माणसाची पत त्याच्या शेतात पाटाचं पाणी कितव्या पाळीला येतं यावर ठरते. ज्याची पाळी पहिली, त्याचा पाट लग्नाच्या पंगतीतही पहिला. नायकाला त्याचे भाऊ विहिरीच्या हिश्श्यावरून घराबाहेर काढतात. तो उन्हातून चालत चालत त्या कोरड्या गावाला पोचतो आणि एका ओट्याशी पडतो. तिथला म्हातारा त्याला तांब्याभर पाणी देतो, गुळाचा खडा देतो. नाव विचारत नाही. आधी पाणी, मग नाव, असा त्या गावचा रिवाजच असतो. नायक तिथेच राहतो. मातीत काही नाही पण माणसांत सगळं आहे, असा सगळा त्या कादंबरीचा सूर.

हे वाचताना मला दर वेळी रडू यायचं. आमच्या कोकणात गूळपाणी देतात, नाही असं नाही, पण बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, माणूस उभा राहिला की ओटीवरूनच आधी विचारतात, "कोण ते? कुठले?" मग बेडं उघडायचं की नाही ते ठरतं. मला वाटायचं, असं गाव आयुष्यात एकदा बघावं.

जळगाव

योग आला तो सत्त्याऐंशी साली. माझ्या बहिणीची मुलगी सुनंदा, तिचे यजमान बँकेत, बदली फैजपूरला. तिला दिवस गेले होते, तब्येत नाजूक, म्हणून मला बोलावणं आलं. मे अखेरीस गेले.

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचीच वेळ होती, पण ऊन असं की कुणी तरी भाकरीच्या तव्याशेजारी उभं केलंय. आमच्याकडे घाम येतो. इथे घामसुद्धा येत नाही, येण्याआधीच वाळतो. ओठ फुटले, नाकातून रक्ताचा थेंब आला. जावईबापू घ्यायला आले होते ते म्हणाले, "मावशी, डोक्यावरचा पदर काढू नका आणि कांदा जवळ ठेवा." मी म्हटलं, "कांदा ठेवते हो, पण भाजून खायचा झाल्यावर सांगा."

एस.टी.ने तापी ओलांडली. नदी बघून मन खट्टू झालं. मध्ये एक बारीक धार आणि बाकी दगड. पण पलीकडे गेल्यावर काय सांगू, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी! मैलोगणती केळी! त्या भट्टीतून एकदम ओल्या अंधारात शिरल्यासारखं वाटलं. हेच आपलं हिरवं गाव, मी मनात म्हटलं, आणि त्याबरोबरच कादंबरीतल्या त्या दुष्ट भावांची आठवण होऊन पिशवी घट्ट धरली.

फैजपूर

सुनंदाचं बिऱ्हाड एका बागाईतदाराच्या घरात, वरच्या मजल्यावर. घरमालकांना सगळे नाना म्हणायचे. पांढरंशुभ्र धोतर, बोलणं गोड, आणि विहिरी किती आहेत हे कुणी न विचारता सांगायची सवय. कादंबरीतलं काही अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या घरी खापरावरचे मांडे खाल्ले. हातावर धोतरासारखी पुरणपोळी पसरते बाई आणि उलट्या खापरावर टाकते! सोबत आमरस. मी सुनंदाला म्हटलं, "आपण पोळी लाटतो, या पोळी नेसवतात."

शेजारच्या गल्लीत कमल राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स. सुनंदाला इंजेक्शन द्यायला यायची आणि मग माझ्याशी गप्पा मारत बसायची. बौद्ध घरातली, नवरा फार लवकर गेलेला. तिच्या आईने केळीच्या बागांत मजुरी करून तिला नर्सिंगला पाठवलं होतं. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो कपडा फाटला तरी डाग जात नाही. कमलने आईचं एक लुगडं जपून ठेवलं होतं, डागांनी भरलेलं. मला दाखवत म्हणाली, "अक्का, ही आमची नक्षी."

तिची मुलगी वैशाली. बी.ए. केलं, डी.एड. केलं, दोन वर्षं घरी बसून वाट बघितली आणि आता प्राथमिक शिक्षिकेची नेमणूक आली होती. धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याच्या पुढच्या एका गावी. शाळा उघडेल त्या दिवशी रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

गावाचं नाव ऐकलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. तेच गाव! कादंबरीत नाव वेगळं घातलंय, पण लेखकाने ज्या गावी राहून ती लिहिली ते हेच, असं मी कुठेतरी वाचलं होतं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्याचं कारण पुढे कळेल.

"अगं, भाग्यवान आहेस!" मी वैशालीला म्हटलं. "तिथे नावसुद्धा न विचारता पाणी देतात!"

वैशाली हसली. उंच, सावळी, हसताना एका बाजूनेच हसायची. "आजी, ती आम्हाला बी.ए.ला होती. 'भूमी माणसाची मूल्ये कशी घडवते' असा प्रश्न दर वर्षी यायचा. हिरवी भूमी, कोरडं मन. कोरडी भूमी, ओलं मन. पाच मुद्दे लिहायचे. मला चांगले मार्क पडले होते."

"मग?"

"मग काय? मी हिरव्या भूमीत बसून लिहिलं ना ते. नळाचं पाणी पिऊन."

कमल म्हणाली, "नळाला जात विचारता येत नाही, अक्का. माझ्या आईने इथे विहिरीवर लांब उभं राहून दिवस काढले. मग नळ आले. माणसं काही बदलली नाहीत, पण चावी फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही. मी तर म्हणते, त्या तुमच्या पुस्तकवाल्याने आमच्या गावाला उगाच शिव्या घातल्या."

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

नानांनीही ऐकलं होतं. जिन्याखाली भेटले तेव्हा म्हणाले, "काय हो अक्का, नर्सबाईंची पोर शिंदखेड्याकडे चालली म्हणे? तिकडे मुलगी देऊ नये आणि बैल विकू नये, असं आमच्यात म्हणतात. दोन्ही पाण्यावाचून मरतात."

कमलचं मन मोडत चाललं होतं. तिला पोरीला पाठवायचं नव्हतं. पण नाही पाठवलं तर पुन्हा वाट बघणं, आणि दिराकडून एका स्थळाची घाई चाललेली. वैशाली म्हणायची, नोकरी गेली की मी संपले. शेवटी असं ठरलं की मायलेकींनी जायचं, गाव बघायचं, राहायला नीट खोली मिळाली तर वैशाली राहील, नाहीतर कमलबरोबर परत. मीही निघाले. सुनंदाची तब्येत तोवर सावरली होती. आणि खरं म्हणजे मला ओटा बघायचा होता.

धरणगाव

जळगावहून सुरतेकडे जाणारी पॅसेंजर. बसायला जागा मिळाली, पण लाकडी बाकांना चटके बसत होते. खिडकीबाहेर सगळी कापसाची राने, नांगरून उघडी टाकलेली, काळी. पेरणीची वाट बघत होती. मृग लागला होता पण आभाळ कोरं. गावांत घरांच्या छपरांवर पऱ्हाट्यांच्या जुड्या रचलेल्या. कापूस वेचून झाला की उरलेली ती काटकं, जळणाला ठेवतात. आमच्याकडे सारवलेल्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला लाकडं रचतात तसंच, पण इथे घराच्या डोक्यावर.

धरणगावला गाडी थांबली आणि माझा पराक्रम झाला. फैजपूरहून एक मातीची सुरई भरून आणली होती, वाळा घातलेलं पाणी. "मी नळावर ताजं भरून आणते," म्हणत मी उतरले. भरली, वळले, तेवढ्यात गाडीला धक्का बसला. मी धावले. या वयात! वैशालीने दारातून हात दिला, मी चढले, पण सुरई दांडीला आपटली आणि हातात नुसता गळा उरला.

समोरच्या बाकावर एक टोपीवाले गृहस्थ होते ते म्हणाले, "अक्का, तुम्ही वाचल्यात ते बरं झालं. सुरई काय, कुंभाराकडे भेटते."

वैशाली म्हणाली, "आजी, काळजी कशाला करताय? आपण चाललोय तिथे मागावं लागतच नाही."

डबा हसला. मीही हसले. त्या दिवशी आम्ही तिघी हसलो ते तेवढंच.

ओट्यावर

शिंदखेड्याहून पुढे एक एस.टी. मिळाली, तीही फाट्यापर्यंत. मग पायवाट. भर दुपार. झाडं म्हणजे बाभळी, त्यांची सावलीसुद्धा काटेरी. पायाखाली पांढरी माती, पिठासारखी. कमलचा चेहरा काळवंडला होता. घसा असा सुकलेला की बोललं तर शब्द चिकटतील.

गाव आलं. आणि देवाशपथ सांगते, सगळं पुस्तकातल्यासारखं. चढावर घरं, मध्ये पार, पाराच्या अंगाला दगडी ओटा, ओट्यावर कडुनिंबाची सावली आणि सावलीत एक म्हातारे गृहस्थ. शिंदखेड्याच्या शिक्षण कचेरीतून कळवलं होतं की आबांकडे मागच्या अंगाला खोली आहे, आधीचे गुरुजी तिथेच राहायचे. हेच ते आबा.

आम्हाला बघताच ते उठले. "या, या, माय. बसा. पहिले पानी पी ल्या, मंग बोलूत."

आतून पितळेचा तांब्या आला, घासून सोन्यासारखा केलेला, आणि वाटीत गूळ. आबांनी स्वतःच्या हाताने दिला. आधी कमल प्याली, मग वैशाली, मग मी. तिघीही वरून धार सोडून प्यालो, एकाच तांब्याने. इतकं गोड पाणी मी जन्मात प्याले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वैशालीकडे बघितलं, बघ, म्हटलं नव्हतं का?

आबा स्वतः थांबले, आमचा श्वास खाली बसेपर्यंत. मग विचारलं, "तुमनं नाव काय शे, अक्का?"

मी सांगितलं. कोकणातली म्हटल्यावर खूश झाले. मग कमलकडे वळले.

"मी कमल तायडे. ही मुलगी वैशाली, शाळेत नव्या बाई म्हणून आलीय."

"तायडे. कोनता तायडे?"

"बौद्ध," कमल म्हणाली. सरळ म्हणाली, जसं नर्स पेशंटचं नाव सांगते.

आबा काही वाईट बोलले नाहीत. कपाळाला आठीसुद्धा नाही. "बरं, बरं," म्हणाले आणि आत वळून चहाला सांगितलं. चहा आला. माझा कपबशीत, त्या दोघींचा काचेच्या ग्लासात. मी इतकी बावळट, मला वाटलं कप कमी असतील.

मी कादंबरीचं काढलं. आबांचा चेहरा खुलला. "तो लिखनारा मना बापना टाइमले ह्याच ओटावर बसे," म्हणजे त्यांच्या वडिलांच्या वेळी याच ओट्यावर बसायचा. "त्यास्नी जे लिखं ते बठ्ठं खरं शे. आमना गावमा पहिले पानी देतस, मंग नाव इचारतस. उन्हाळामा मानूस पडी जास, अक्का. नाव इचारी बसं तर तो मरी जाई."

किती खरं बोलले. पुस्तकात तो रिवाज मनाच्या मोठेपणाचा म्हणून लिहिलाय, पण आबांनी एका वाक्यात त्याचं मूळ सांगितलं. इथल्या उन्हाने तो घालून दिलाय. नाव विचारायला वेळच नसतो. वेळ मिळाला की मात्र विचारतात.

मला पुन्हा तहान लागली. ओट्यावरचा तांब्या अर्धा भरलेला होता, मी हात पुढे केला. तेवढ्यात दारातून आबांची बायको लगबगीने आली, दुसरा तांब्या घेऊन.

"तो ऱ्हाऊ द्या, अक्का. तो आते बाहेरना. हाऊ ल्या."

तो आता बाहेरचा. माझा हात तसाच अधांतरी राहिला. मी बघितलं, पहिला तांब्या ओट्याच्या कडेला उन्हात सरकवलेला होता, दोन काचेचे ग्लास त्याच्या शेजारी. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. कमल पदराच्या टोकाशी चाळा करत होती. वैशाली मात्र सरळ तांब्याकडेच बघत होती, जणू तो फळ्यावरचा प्रश्न आहे.

मी नवा तांब्या घेतला नाही. म्हटलं, तहान नाही. खोटं होतं.

कमलने खोलीचं विचारलं. आबा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "खोली शे, माय. रिकामी पडेल शे. पन घर मना एकलानं नही. सुना शेतस, पोरे शेतस. गाव शे."

मला राहवेना. मी म्हटलं, "आबा, अहो तुमच्या गावाची कीर्ती आम्ही पुस्तकात वाचली. लोक परीक्षेला लिहितात तुमच्याबद्दल."

आबांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, उलट थोडी विनवणीच होती. "अक्का, दिधं ना तुमले पानी? नाव इचारानं पहिलेच दिधं ना? त्यास्नी पानीनं लिखं शे. खोलीनं त्यास्नी काही लिखेल नही."

पाणी दिलं होतं. खोलीबद्दल पुस्तकात खरंच काही लिहिलेलं नव्हतं.

नाल्यापलीकडे

आबांनीच वाट दाखवली. पारापासून खाली उतरलं की नाला, कोरडा, दगडांचा. पलीकडे बौद्धवस्ती, थोडी घरं. उतरताना कमल म्हणाली, "वैशू, आता बास. पाचची एस.टी. आहे फाट्यावर. परत जाऊ."

वैशाली पुढे चालत राहिली.

पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी बसून गोधडीला टाके घालत होती. तिला सगळे सखूअक्का म्हणतात ते मागाहून कळलं. तिने आम्हाला पाणी विचारलं नाही. हात डोळ्यांवर धरून लांबूनच ओरडली, "कोनी शेस वं पोरी? कोठली?"

"फैजपूरची. तायडे."

"फैजपूरनी? अय माय! मनी मावसनी पोर तठेच दियेल शे! कोनता घरनी तू? आजीनं नाव काय?"

मग सुरू झालं. नावामागून नाव. मावशी, चुलती, कुणाची नणंद, कुणाचं लग्न, कोण वारलं. कमल दगडासारखी झाली होती ती हळूहळू बोलायला लागली. तिच्या आईला ओळखणारी एक बाई त्या म्हातारीच्या नात्यात निघाली, तेव्हा कमलच्या डोळ्यांतून एकदम धारा लागल्या. मी ऐकत बसले आणि माझ्या मनात आलं, इथे नाव आधी विचारतात. इथे नाव कळलं की माणूस आत येतो.

पाणी मागून आलं, आणि थोडं. "देस वं, पन अर्धाच गलास देस. काल टँकर वना नही." विहीर एकच, चढावर. तीत टँकर रिकामा करतात. "बठ्ठं गाव भरी लेस, मंग आमना नंबर. उरनं तर उरनं." हे ती तक्रारीच्या सुरात नाही, तर आज मंगळवार आहे अशा सुरात म्हणाली. त्या अर्ध्या ग्लासाचे आम्ही तिघींनी घोट वाटून घेतले. आबांचं पाणी गोड होतं. हे मचूळ होतं. खोटं कशाला लिहू?

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा तिने पुढे केला. ठेचा जिभेवर ठेवला आणि माझ्या कानांतून धूर निघाला. सखूअक्का पोट धरून हसली. "कोकनमा मिरची नही का वं?" पाणी मागायची मला लाज वाटली. तशीच भाकरी चावत राहिले.

तिच्या घराला दोन खण. मुलगा सुरतेला कामावर, सून त्याच्याबरोबर. एक खण रिकामा. "ऱ्हा ना पोरी. भाडं नको देऊ. माले वाची दाखव काहीबाही."

कमल म्हणाली, "मावशी, तुमचे उपकार. पण मी हिला नळाच्या गावात वाढवलंय. हिच्या आजीने जे सोसलं तिथेच हिला परत आणून सोडू? हंडा घेऊन ही त्या विहिरीवर उभी राहणार? मास्तरीण होऊन?"

वैशाली उठून बाहेर गेली. मीही मागोमाग गेले. नाल्याच्या या काठावरून चढावरची शाळा दिसत होती, कौलारू, एका खोलीची. येताना आम्ही तिच्यासमोरूनच आलो होतो.

"आजी, तुम्ही शाळेच्या पडवीत बघितलंत?" वैशाली म्हणाली. "माठ होता. शेजारी साखळीला बांधलेला एक पेला. आणि लांब खिळ्याला अडकवलेला दुसरा पेला, पत्र्याचा."

मी बघितलं नव्हतं. मी ओटा शोधत होते.

ती आत गेली आणि आईला म्हणाली, "मी राहते."

"वैशू..."

"विहिरीवर उभी राहीन आई. पण शाळेतला माठ उद्यापासून मी भरणार. खिळ्यावरचा पेला मी काढणार. नळाच्या गावात ही नोकरी कुणीही करेल."

कमल तिच्या अंगावर ओरडली. इतकी शांत बाई, पण ओरडली. "तुला काय वाटतं, माठ भरला म्हणजे झालं? पिणार कोण?"

वैशाली तिच्या त्या एका बाजूने हसली आणि पिशवीतून चादर काढून रिकाम्या खणात अंथरायला लागली.

आम्ही दोघी पाचच्या एस.टी.ला निघालो. जाताना पुन्हा पाराशेजारून जावं लागलं. ओटा रिकामा होता. पितळेचा तांब्या तिथेच होता, कडेला, उन्हात. आमच्या मागून एक माणूस आला, परगावचा दिसत होता, घामाघूम. आतून आबांचा आवाज आला, "या, या. पहिले पानी पी ल्या." त्याच्यासाठी आतून दुसरा तांब्या आला.

परतीच्या गाडीत कमल खिडकीबाहेर बघत बसली. धरणगाव आलं, माझ्या सुरईचे तुकडे रुळाशेजारी दिसतात का म्हणून मी उगाच बघितलं. नंतर केव्हातरी ती म्हणाली, "तुमचं ते पुस्तक वाईट नाही हो अक्का. फक्त ते ओट्यावरून उठलं नाही."

घरी

सुनंदाला मुलगी झाली. बाळंतपण आटोपून मी राजापूरला परतले ती दिवाळीच्या तोंडावर. निघायच्या आधी कमलकडून वैशालीची हकीकत कळली होती.

तिने पहिल्याच दिवशी पत्र्याचा पेला काढला आणि माठ भरला, स्वतः ओढलेल्या पाण्याने. नाल्याकडची मुलं त्यातून पितात. चढावरची मुलं पीत नाहीत. त्यांना घरून कुणी मारलं-झोडलं नाही, नुसतं सांगितलं असेल. ती मधल्या सुट्टीपर्यंत तहान धरून बसतात आणि मग घरी पळतात. पहिलीतली पोरं, ओठ सुकलेले, माठाकडे बघत पाढे म्हणतात. वैशाली कमलला म्हणाली होती, "आई, ते ओठ बघितले की वाटतं, पेला परत खिळ्याला लावावा. निदान पाणी तरी पितील." पण लावला नाही अजून. नोकरी टिकली आहे. बदलीचा अर्ज कर असं कमलने सांगितलं, तर हो म्हणाली आणि केला नाही.

घरी आल्यावर मी फळीवरून आपली कादंबरी काढली. कमलचं बोलणं मनात होतं. सगळी वाचून काढली, पुन्हा एकदा, आणि या वेळी नाला शोधत होते. सापडला. एकाच ठिकाणी, आणि इतक्या वर्षांत माझी नजर त्यावर कधी थांबली नव्हती. नायक ओट्यावर बसलाय, पाणी पिऊन झालंय, जीव शांत झालाय. समोर बघतो तर संध्याकाळ होतेय आणि नाल्यापलीकडून धूर वर चढतोय. एवढंच. पुढच्या वाक्यात तो गुळाचा खडा तोंडात टाकतो.

हल्ली दिवेलागणीला मी खळ्यात बसते. आमच्या मागच्या दारी पऱ्ह्याला, त्या लहानशा ओढ्याला, बाराही महिने पाणी, त्याचा आवाज येत असतो. तेव्हा मनात येतं की तिकडे आता सखूअक्काच्या रिकाम्या खणात वैशालीने चूल पेटवली असेल. पऱ्हाट्या ओल्या असतील तर फार धूर करतात. ओट्यावर कुणी पाहुणा बसला असेल, तांब्या हातात घेऊन, तर त्याला दिसत असेल तो धूर.